साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश : प्लेग, टीबी आणि मुंबईची घरे

टीबीचे नवीन निदान झालेला पेशंट समोर बसला की औषधांचे वेळापत्रक, वजन, घरातल्या लहान मुलांची तपासणी हे सगळे होतेच. त्याबरोबर मी एक प्रश्न विचारतो, "तुमच्या घराची खिडकी कुठे उघडते?" पेशंट जरा चक्रावतो. मुंबईत याचे उत्तर बऱ्याचदा असते, "समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर, डॉक्टर." मग पुढचा प्रश्न, दिवसा ट्यूबलाइट लावावी लागते का?

मुंबईत हे प्रश्न नवे नाहीत. सव्वाशे वर्षांपूर्वी शहराच्या कारभाऱ्यांनी ते विचारले होते, त्यावर एक नियम बसवला होता, आणि त्या नियमाला चक्क अंशांमध्ये माप दिले होते. गंमत अशी की त्यांनी ते सगळे ज्या आजाराच्या धसक्याने सुरू केले, त्याचा खिडकीशी फारसा संबंध नव्हता. ज्या आजाराशी संबंध होता, तो आजही आमच्या ओपीडीत रोज येतो.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मुंबई बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात लोक तापाने आणि जांघेतल्या, काखेतल्या गाठींनी पटापट दगावू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस तिथे प्रॅक्टिस करत आणि महापालिकेचे सभासदही होते. हा गाठीचा ताप म्हणजे ब्युबॉनिक प्लेग, असे निदान त्यांनी केले. आधी कोणाला ते मान्य करायचे नव्हते. बंदर बंद पडेल, कापसाचा व्यापार बुडेल ही भीती होतीच. पण काही आठवड्यांतच नाकारण्याची सोय उरली नाही. १८९१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७च्या सुरुवातीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक कोकणात, घाटावर, गुजरातेत निघून गेले.

मांडवीतच का? डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर उत्तर सोपे आहे. बंदर, धान्याची गोदामे, उंदीर. पण प्लेगचा जंतू जेमतेम दोन वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, येर्सिन यांनी हाँगकाँगला शोधला होता. तो माणसात शिरतो कसा, हे ठाऊक नव्हते. तेव्हाची समजूत अशी की ओलसर, अंधाऱ्या, कोंदट जागेत जमिनीत आणि भिंतीत रोगाचे विष मुरते. त्यामुळे उपायही तसेच झाले. गटारे धुतली, घरांना चुना फासला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले काढली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. घरांत घुसून होणाऱ्या तपासण्या आणि सक्तीची रुग्णालये यांनी लोक किती चिडले होते, ते पुण्याच्या रँड प्रकरणामुळे आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

या धसक्यातून १८९८ मध्ये कायदा करून 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. महापालिकेपासून वेगळी, पण शहराच्याच जमिनीवर आणि पैशावर चालणारी ही संस्था. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, नवी जमीन वस्तीयोग्य करणे आणि बेघर होणाऱ्यांसाठी चाळी बांधणे ही तिची कामे. नागपाडा ही तिची पहिली योजना. प्रिन्सेस स्ट्रीट (आताचा शामलदास गांधी मार्ग) आणि सँडहर्स्ट रोड (आताचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग) हे रस्ते तिनेच काढले. पश्चिमेचा समुद्रवारा दाट वस्तीत शिरावा, हा त्या रस्त्यांमागचा एक उघड हेतू होता. आज त्या रस्त्यांवर उभे राहून वाऱ्याचा विचार कोणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही.

त्याच १८९८ साली पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरची पिसू प्लेग पसरवते असे दाखवून दिले. त्यावर बरीच वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळला प्लेगवर जे संशोधन झाले, त्यात प्लेगच्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवून पाहिले. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरून पिसवांची वाट अडवली. हवा तीच, अंधार तोच, पण पिसू पोचू न शकलेले प्राणी वाचले. म्हणजे मुंबईतल्या गाठीच्या प्लेगला खिडकी मोठी करून काही होणार नव्हते. (प्लेगचा फुफ्फुसाचा प्रकार श्वासातून पसरतो, पण मुंबईतली साथ मुख्यतः गाठीचीच होती.)

इथे इतिहास थांबला असता तर 'चुकीच्या निदानावर केलेले महागडे ऑपरेशन' एवढाच शेरा मारता आला असता.

ऑर यांचा कोन

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर नावाचे सनदी अधिकारी. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांमधल्या उजेड आणि हवेवर एक व्याख्यान दिले. त्यातला मुद्दा असा होता की घर आतून कितीही नीट बांधा, शेजारची भिंत किती जवळ आणि किती उंच आहे यावर तुमच्या खोलीतला उजेड ठरतो. म्हणून नियम हवा तो दोन भिंतींमधल्या नात्याचा.

तो नियम म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा. समजा तुमच्या इमारतीच्या भिंतीच्या पायथ्याशी उभे राहून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिले. जमिनीशी होणारा नजरेचा कोन ६३.५ अंशांपेक्षा जास्त नसावा. आकडा विचित्र वाटतो, पण त्याचे साधे गणित असे: समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. वीस फूट जागा सोडली तर चाळीस फूट उंची. इंग्लंडमध्ये तेव्हा ४५ अंशांचा, म्हणजे जितकी जागा तितकीच उंची असा आदर्श सांगितला जाई. मुंबईत आकाश अधिक प्रखर आणि जागा महाग, म्हणून ही तडजोड. तेवढीही तेव्हाच्या घरमालकांना परवडणारी नव्हती. गिरगाव, भुलेश्वर, चक्ला इथे दोन घरांमधल्या फटीला 'घरगल्ली' म्हणत. एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच ती असे, आणि तिच्यातून संडासाची घाण वाहून नेत. खोल्यांच्या खिडक्या तिच्यावरच उघडत.

आता डॉक्टर म्हणून सांगतो, हा नियम टीबीसाठी का महत्त्वाचा होता. रॉबर्ट कॉख यांनी टीबीचा जंतू १८८२ मध्ये दाखवला आणि १८९० मध्ये सांगितले की थेट उन्हात तो काही मिनिटांपासून काही तासांत मरतो. नुसत्या दिवसाच्या उजेडातही मरतो, पण त्याला काही दिवस लागतात. ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी कळायला आणखी साठ-सत्तर वर्षे गेली. खोकल्यातून उडालेले थेंब वाळून अतिसूक्ष्म कण होतात आणि ते बंद खोलीत तासनतास तरंगतात. अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकाअखेरीस टीबी वॉर्डातली हवा नळातून वर नेऊन गिनीपिगना दिली. पेशंट नाही, थुंकी नाही, फक्त हवा. प्राण्यांना टीबी झाला. तीच हवा अतिनील दिव्याखालून नेली तेव्हा झाला नाही.

म्हणजे खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते, यावर तिथल्या माणसाचा धोका ठरतो. पेरूमधल्या लिमा शहरात २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या, उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या वॉर्डात खिडक्या उघडल्यावर हवा तासाला सरासरी चाळीस वेळा बदलत होती. यांत्रिक वायुवीजन असलेल्या आधुनिक खोल्यांत हिशेब होता बारा वेळा. आपल्याकडची जुनी सरकारी रुग्णालये उंच छताची का आहेत, याचे उत्तर यात आहे. आता तिथेही मधला पोटमाळा काढून दोन मजले करतात, तो भाग वेगळा.

घरातल्या काचेतून आलेल्या उजेडाने जंतू फारसे मरत नाहीत हे खरे. काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. पण ज्या फटीतून उजेड येतो, तिच्यातूनच वारा येतो. दिवसा दिवा न लावता वाचता येत असेल तर बाहेर मोकळी जागा आहे आणि हवा हलते आहे, असे समजायला हरकत नाही. ऑर यांना रायली माहीत नव्हते, पण त्यांनी मोजायला घेतलेली गोष्ट बरोबर होती.

उजेड दादरला, गिरणी परळला

ट्रस्टने नियम चांगला केला, पण घरे पाडताना घाई केली आणि बांधताना वेळ लावला. सुरुवातीच्या वर्षांत जितके लोक हलवले, तितक्यांना पर्यायी खोल्या मिळाल्या नाहीत. ते लोक गेले कुठे? शेजारच्या गल्लीत. एका वस्तीतली गर्दी कमी झाली आणि बाजूच्या वस्तीत एका खोलीत चौघांऐवजी सात माणसे झाली. १९११च्या जनगणनेपर्यंत मुंबईतले दहापैकी जवळजवळ सात लोक एकखोली घरात राहत होते.

ट्रस्टचे सर्वांत देखणे काम म्हणजे दादर-माटुंगा. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स. रुंद रस्ते, झाडे, कमी मजले, चारी बाजूंनी मोकळी जागा. आजही तिथल्या जुन्या इमारतींत गेलात तर जिन्यातसुद्धा उजेड असतो. पण ती घरे मिळाली पांढरपेशा मध्यमवर्गाला. गिरणी कामगार तिथे का गेला नाही, हा प्रश्न तेव्हाच्या साहेबांना बरीच वर्षे पडला होता. त्याला मोकळ्या हवेची किंमत कळत नाही, अशीही उत्तरे दिली गेली.

खरे उत्तर वाहतुकीत होते. १९११च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला. त्याआधी, विजेचे दिवे आल्यावर, तो त्याहून लांब असे. भोंगा झाला की दारात हजर राहायचे. अशा माणसाला चालत पोचता येईल एवढ्याच अंतरावर राहता येते. मुंबईत घोड्याची ट्राम १८७४ मध्ये आली होती, विजेची १९०७ मध्ये, पण ट्रामचे रोजचे जाण्यायेण्याचे भाडे गिरणीतल्या पगारातून वगळून पाहा, म्हणजे परळ-लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळ्यांनी झोपणारी माणसे तिथे का चिकटून होती ते कळेल. उपनगरी रेल्वे विजेवर धावू लागली ती १९२५ मध्ये, आणि महापालिकेच्या हद्दीत बस आली १९२६ मध्ये. मोकळ्या घरांचा नियम आला आणि स्वस्तात तिथे पोचण्याची सोय एक पिढी मागे राहिली.

बीडीडी चाळींची गोष्ट याच जातीची आहे. १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या, सोळा हजारांवर खोल्या. आणि वरळीतल्या कितीतरी खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या! वरळी तेव्हा कामापासून लांब, भाडे जास्त, बाजार नाही. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथे तात्पुरता तुरुंग केला, यावरून किती जागा पडून होती ते समजा.

याच काळात टीबीचा हिशेब कोणाला भरावा लागत होता? डॉ. आर्थर लँकेस्टर यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास देशभर फिरून टीबीची पाहणी केली. तिचे पुस्तक १९२० मध्ये निघाले. शहरातली दाटी आणि पडदा या दोन गोष्टींवर त्यांचा रोख होता. घरात कोंडलेल्या बायकांना टीबी जास्त. नवरा दिवसभर बाहेर, बाई चोवीस तास त्या खोलीत, चुलीच्या धुरात. आजही हाच प्रश्न मी पेशंटच्या बायकोबद्दल विचारतो: घरात दिवसाचे किती तास असता?

त्या काळात एक वेगळा माणूस मुंबईत होता, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. पॅट्रिक गेडिस. मूळचे जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार, आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. सरळ रेघ मारून वस्ती कापत जाणाऱ्या रस्त्यांना त्यांचा विरोध होता. त्यांच्या पद्धतीला त्यांनी नाव दिले होते ते आमच्या धंद्यातले: जपून केलेली शस्त्रक्रिया. आधी गल्लीगल्लीत चालून पाहा, पडीक घर तेवढेच काढा, तिथे छोटा चौक करा, झाड लावा, विहीर स्वच्छ करा. बाकीची घरे आणि माणसे जागच्या जागी राहू द्या. होळकरांच्या इंदुरात प्लेगच्या दिवसांत त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली. तिचा मार्ग ठरणार होता तो ज्या रस्त्यांवरची घरे जास्त स्वच्छ असतील तिथून. लोकांनी घरे झाडून काढली, टनावारी कचरा बाहेर आला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची मोठी प्रतिमा होती आणि शेवटी ती जाळली. सक्तीच्या तपासणीने जे साधले नाही ते या माणसाने सणाच्या दिवशी करून घेतले. (आणि उंदीर बरोबर ओळखला होता!)

आकाशाऐवजी क्षेत्रफळ

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. बीआयटी चाळी महापालिकेच्या झाल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कित्येक वर्षे राहिले ती परळची चाळ त्यातलीच. पुढे शहराच्या विकास आराखड्यांचे युग आले आणि १९६०च्या दशकात मुंबईत एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, हे माप रुजले. त्याच दशकात, ३१ मार्च १९६४ला, शेवटची ट्राम धावली.

एफएसआय विचारतो, या भूखंडावर एकूण किती चौरस फूट बांधता येईल? ऑर यांचा नियम विचारत होता, या खिडकीतून आकाश किती दिसेल? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मोकळ्या जागेचे नियम कागदावर राहिले, पण गरिबांच्या घरांसाठी त्यात सवलती दिल्या गेल्या, कारण पुनर्वसनाच्या इमारती जितक्या चिकटवून बांधाव्या तितकी विक्रीच्या इमारतीला जागा सुटते.

गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहती पाहा. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हलवलेली अनेक कुटुंबे तिथे आली. शहराची वाहतूक सुधारावी म्हणून ज्यांची घरे गेली, त्यांना पक्के घर मिळाले. पण नटवर पारेखमध्ये आठ मजली इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर. आठ मजले म्हणजे सुमारे बावीस मीटर उंची. १९१२च्या नियमाने तिथे अकरा मीटर जागा लागली असती. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथे केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. या दोन वसाहतींतले टीबीचे प्रमाण जवळच्याच, मोकळ्या रचनेच्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि खालच्या मजल्यांवरच्या उजेड-वारा नसलेल्या घरांत धोका अधिक होता.

टीबी फक्त घरामुळे होतो असे नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. डायबेटिस, तंबाखू, एचआयव्ही आणि सर्वांत मोठे म्हणजे कुपोषण. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्या माणसांना सहा महिने शिधा दिला, तर त्यांच्यातला नवा टीबी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पण शिधा दिला, औषध दिले आणि माणसाला परत त्याच खोलीत पाठवले, तर शेजारच्या खोलीतल्या बाळाचे काय?

आता बीडीडी चाळींच्या जागी चाळीसेक मजल्यांचे टॉवर उभे राहत आहेत, आणि शहरातल्या निम्म्याअधिक जुन्या सोसायट्या पुनर्विकासाच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर आहेत असे वाटावे, इतक्या पाट्या दिसतात. वाचकांपैकी अनेकांच्या हातात संमतीपत्र असेल. त्या बैठकांत कार्पेट एरिया, कॉर्पस, पार्किंग यांवर तासनतास चर्चा होते. आर्किटेक्टच्या नकाशात दोन गोष्टी शोधा: तुमच्या आणि समोरच्या इमारतीमधले अंतर, आणि समोरच्या इमारतीची उंची. पोडियमवर पार्किंग असेल तर उंची पोडियमच्या वरून मोजा. बेडरूमची एकमेव खिडकी डक्टमध्ये उघडते का, तेही पाहा. डक्टमध्ये संडासांचे पंखे सोडलेले असतात. समोरचा भूखंड आज मोकळा असला तर विकास आराखड्यात तिथे काय दाखवले आहे ते वॉर्ड ऑफिसात कळते. आराखड्याचा मसुदा निघतो तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना पाठवण्याचा हक्क १९६६च्या नगररचना कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. मुंबईचा २०१५चा मसुदा लोकांच्या हरकतींमुळेच मागे घ्यावा लागला होता.

मग उंचीला अंतराने भागा. उत्तर दोनपेक्षा बरेच जास्त आले, तर सही करण्याआधी बैठकीत विचारा की खालच्या पाच-सहा मजल्यांवरचे फ्लॅट कोणाला मिळणार आहेत, आणि त्यांत पाळणा असलेली किती घरे आहेत.